प्लग बदलण्याआधी प्लग वाचा
(इंजिनाचा स्पार्क प्लग व त्याची तार निवडताना सभासदांनी घ्यावयाची काळजी)



ह्या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याविषयी लिहितो. ह्या खेपेस विषय जरा वेगळा आहे. तो लिहिण्याचे कारण म्हणजे आमचीच एक चूक. ती आधी सांगतो, मग धड्याकडे वळू.

बपेरा हे आपल्या गटातील बावनथडीच्या काठचे गाव. नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. धानाचा मुलूख असला तरी पाण्याची सोय असलेल्या वावरात आपले सभासद ऊस घेतात. गेल्या सुरू लागवडीत तेथील एका सभासदाने ऊस लावला. तिसऱ्या दिवशी उगवणीपूर्वीचे तणनाशक मारायचे ठरले होते. जमिनीत ओल होती, औषध आणलेले होते, पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी त्यांचा फोन आला, "साहेब, काल सांजेपर्यंत पंप बराबर चालला. आज दोरी ओढू ओढू हात दुखले, पन सुरूच नाही होत."

आम्ही त्या वेळी दुसऱ्या गावी नोंदीच्या कामात होतो. घाईत बोलून गेलो, "प्लग बदलून पाहा, भाऊ." ते तसेच तुमसरला गेले आणि नवा प्लग घेऊन आले. जुना प्लग नमुन्यासाठी नेलाच नव्हता. "फवारणी पंपाचा प्लग द्या" असे सांगितले आणि दुकानदाराने जो दिला तो घेतला. आटे जुळले, पाना जुळला, प्लग घट्ट बसला. दोरी ओढली तर आतून 'टक्क' असा आवाज झाला आणि दोरी अडकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वावरात पोहोचलो. नवा प्लग काढून पाहिला तर त्याचे खालचे टोक दबून मधल्या टोकाला चिकटलेले होते. जुना प्लग शेजारी धरल्यावर चूक दिसली. जुन्याची आट्याची लांबी १२.७ मि.मी. होती, नव्याची १९ मि.मी. म्हणजे नवा प्लग ६.३ मि.मी. अधिक आत गेला आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटला. इंजिन हाताने फिरवलेले होते म्हणून पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी खूण पडून भागले. इंजिन जोरात असते तर पिस्टन गेलाच असता.

पुढची गोष्ट आम्हाला अधिक लागली. जुन्या प्लगचे तोंड फिकट तपकिरी, कोरडे आणि स्वच्छ होते. म्हणजे तो चांगला होता. मग ठिणगी का येत नव्हती? तारेची टोपी फिरवून काढली तर आत तारेचे टोक हिरवे पडलेले दिसले. चाकूने अर्धा सेंटिमीटर तार कापली, टोपी पुन्हा फिरवून बसवली, जुनाच प्लग लावला. तिसऱ्या ओढीला पंप सुरू झाला.

पण तोवर वेळ निघून गेली होती. तण वर आले होते. उगवणीपूर्वीचे औषध उगवलेल्या तणावर नीट चालत नाही, म्हणून निंदणाला बाया लावाव्या लागल्या. बिघाड दोन मिनिटांचा होता आणि भुर्दंड सगळ्या वावराच्या निंदणाचा बसला. "बदलून पाहा" असे सांगणे सोपे असते; काय पाहून बदलावे हे आम्ही सांगितले नव्हते. ते आता सविस्तर सांगतो.

कोणत्या इंजिनास प्लग असतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्यास स्पार्क प्लग नसतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. काही डिझेल इंजिनांत 'हीटर प्लग' असतो, पण तो फक्त थंडीत सुरू करताना हवा तापवतो, ठिणगी पाडत नाही. स्पार्क प्लग असतो तो पेट्रोल इंजिनास. म्हणजे मोटारसायकल, मोपेड, फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, लहान पाणीपंप आणि पेट्रोलवर चालणारी व्हॅन-मोटार.

ह्या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पडते. त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. तो कॉइलमध्ये तयार होतो आणि जाड तारेतून प्लगपर्यंत येतो. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीतील बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग तयार केला. आपल्याकडे वडीलधारी मंडळी आजही "मायकोचा पलग" मागतात. ती मायको कंपनी १९५१ साली बंगळूरला स्थापन झाली आणि २००८ साली तिचे नाव बॉश झाले. तेव्हा दुकानात मायको मागितल्यावर बॉश हाती आला तर फसवणूक झाली असे समजू नये.

प्लगवरचा नंबर कसा वाचावा?

बियाण्याच्या पिशवीवर जात लिहिलेली असते, तशी प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर त्याची जात लिहिलेली असते. उदाहरणासाठी होंडाच्या जीएक्स १६० ह्या इंजिनाचा प्लग घेऊ. एनजीके कंपनीचा त्याचा नंबर आहे बीपीआर६ईएस. त्याचा अर्थ असा :

१) बी : आट्याची जाडी १४ मि.मी. (सी असेल तर १० आणि डी असेल तर १२ मि.मी.)
२) पी : आतले टोक थोडे पुढे आलेले.
३) आर : आत रोधक बसवलेला.
४) ६ : उष्णतेचा अंक. ह्याविषयी पुढे सांगतो.
५) ई : आट्याची लांबी १९ मि.मी. (एच असेल तर १२.७ मि.मी.)
६) एस : मधले टोक साधे, तांब्याचा गाभा असलेले.

आता बीपीआर६एचएस हा नंबर पाहा. फरक एका अक्षराचा आहे, ई ऐवजी एच. जाडी तीच, पाना तोच, अंकही तोच. बपेऱ्याच्या पंपास एच हवा होता आणि बसवला गेला ई. त्या एका अक्षराने पिस्टन ठोकला.

उलट चूकही होते. लांब प्लगच्या जागी आखूड बसवला तर इंजिन फुटत नाही, पण ठिणगी भोकाच्या आत दडून पडते आणि मिश्रण नीट पेटत नाही. शिवाय उरलेल्या आट्यांत काजळी भरते. पुढे योग्य प्लग लावू गेले की तो काजळीत अडकून ॲल्युमिनियमचे आटे तुटतात. म्हणून "बसला म्हणजे जुळला" असे कधीही समजू नये.

गरम प्लग व थंड प्लग

चालू इंजिनात प्लगचे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियस ह्या मर्यादेत राहिले पाहिजे. त्याखाली राहिले तर काजळी जळून जात नाही आणि प्लग भरतो. त्यावर गेले तर टोकच निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. वर चढत्या पिस्टनला उलटा मार बसतो. असे चालत राहिले तर पिस्टनला भोक पडते.

टोकाची उष्णता बाहेर लवकर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम प्लग. किती गरम प्लग लावायचा हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेले असते. आपण ते पुस्तिकेतून पाहायचे. शेजाऱ्याच्या गाडीला चालतो म्हणून आपल्याला चालेल असे नाही.

ह्या अंकात एक मोठा सापळा आहे. एनजीकेत अंक वाढला की प्लग थंड होतो. ८ हा ६ पेक्षा थंड. बॉशच्या सध्याच्या नंबरात उलट आहे. तेथे अंक वाढला की प्लग गरम होतो, ७ हा ५ पेक्षा गरम. चॅम्पियनमध्येही अंक वाढला की गरम. आणि बॉशचे जुने तीन आकडी नंबर, जसे १७५ किंवा २२५, पुन्हा उलटे. त्यांत २२५ हा १७५ पेक्षा थंड. म्हणून एका कंपनीचा अंक दुसऱ्या कंपनीत शोधू नये. "सात नंबरचा द्या" ह्या मागणीला काही अर्थ नाही. कंपनी बदलायची असेल तर दुकानातला जुळणीचा तक्ता उघडून पूर्ण नंबर जुळवावा.

जुन्या प्लगचे तोंड पाहावे

डॉक्टर जीभ पाहतो तसे प्लगचे तोंड पाहावे. इंजिन चालवून बंद करावे, थंड होऊ द्यावे, मग प्लग काढावा.

१) फिकट तपकिरी वा करडे, कोरडे : इंजिन ठीक, प्लग ठीक. टोके झिजून गोल झाली नसतील तर बदलू नये.

२) काळी, कोरडी, हाताला लागणारी काजळी : पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक उघडायचा राहिला आहे का पाहावे. हवेची जाळी धुळीने भरली आहे का पाहावे. नवा प्लग लावला तरी कारण राहिले तर तोही काळा होणार.

३) काळे, ओले, तेलकट : दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेल जास्त पडले. पुस्तिकेत २५ ला १ म्हटले असेल तर लिटरला ४० मि.लि., ५० ला १ म्हटले असेल तर लिटरला २० मि.लि. तेल मोजून घालावे. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नये. चार स्ट्रोकच्या मोटारसायकलचा प्लग तेलकट आला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असावे. तेथे प्लगचा दोष नाही.

४) पांढरे, फोड आलेले, टोक वितळलेले : इंजिन जास्त तापते आहे. प्लग नको तेवढा गरम आहे, किंवा कोठून तरी जादा हवा शिरून मिश्रण पातळ होते आहे. दोन स्ट्रोकमध्ये तेल कमी पडले का तेही पाहावे. हे दिसल्यास इंजिन चालवू नये, आधी कारण शोधावे.

५) चिनी मातीला तडा : प्लग फेकून द्यावा.

तार व टोपी

प्लगवर सगळ्यांची नजर जाते, तारेकडे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात ऊन आणि बारा महिने उंदीर, तिन्हींचा मार तारेला बसतो. धानाच्या कोठाराशेजारी पंप ठेवला की उंदीर तार कुरतडतातच.

प्रथम तार पूर्ण वाकवून पाहावी. भेगा, कुरतडलेल्या जागा, इंजिनास घासून झिजलेला भाग शोधावा. रात्री अंधारात इंजिन चालू करून दुरून पाहिले तर फुटक्या तारेतून निळ्या ठिणग्या अंगावर उडताना दिसतात. त्या वेळी हात लावू नये. लहान इंजिनाच्या टोपीत बहुधा स्क्रूसारखे टोक असते. टोपी फिरवून काढावी, तारेचे टोक काळे वा हिरवे असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा फिरवून बसवावी. बपेऱ्यास एवढेच करायचे होते.

तार नवी घ्यायची तर ती कोणत्या प्रकारची हेही जुळवावे. तारा दोन प्रकारच्या असतात. एकीत तांब्याचे धागे असतात, दुसरीत कार्बनचा गाभा असतो व तिला मुद्दाम रोध दिलेला असतो. हा रोध रेडिओतली खरखर थांबवतो. मोटारसायकलच्या टोपीत बहुधा ५ हजार ओहमचा रोधक असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि त्यावर एक छोटा संगणक नेमला गेला. त्या गाडीस आर नसलेला प्लग किंवा साधी तांब्याची तार लावली तर संगणक गोंधळू शकतो. "जादा करंट येईल" म्हणून कोणी रोधक काढून देत असेल तर नको म्हणावे.

जुन्या कार्बुरेटरच्या व्हॅनला तारांचा संच असतो. तारा संचानेच बदलाव्या. एक काढावी, तिच्याच लांबीची तेथे लावावी, मग दुसरी काढावी. सगळ्या एकदम काढल्या तर क्रम चुकतो. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरचा क्रम १-३-२ असा आहे. क्रम चुकला की इंजिन धक्के देते आणि दोष नव्या प्लगवर येतो. तार काढताना टोपीस धरून काढावी, तारेस धरून ओढू नये.

प्लग बसवताना

१) इंजिन पूर्ण थंड असावे. गरम इंजिनात प्लग काढला तर आटे निघून येतात.
२) प्लग काढण्याआधी भोवतीची माती फुंकून काढावी. भोकात पडलेला खडा सिलिंडर घासतो.
३) फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. लहान इंजिनास बहुधा ०.६ ते ०.८ मि.मी. असते. फिलर गेजने मोजावी. अडीअडचणीला हॅक्सॉचे पान चालते, ते साधारण ०.६५ मि.मी. जाड असते. फक्त बाहेरचे टोक वाकवावे, मधल्याला धक्का लावू नये.
४) पहिले आटे बोटांनीच फिरवावे. अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावावा. पाना लावून जबरदस्ती करू नये.
५) वॉशर टेकल्यावर १४ मि.मी. चा नवा प्लग पान्याने अर्धा फेरा आवळावा. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरे.

ठिणगी पाहायची असल्यास टाकीचे झाकण बंद करावे, सांडलेले पेट्रोल पुसावे, प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूस घट्ट टेकवावा. प्लगच्या भोकापासून दूर राहावे, कारण तेथून पेट्रोलची वाफ येते. हातात रबरी मूठ असावी. ठिणगी निळी व जोरकस असावी. संगणकाच्या गाडीवर हा प्रयोग घरी करू नये, मेकॅनिककडे न्यावी.

आपल्याच उसाचे पेट्रोल

आणखी एक कारण आपल्या घरचेच आहे. उसापासून इथेनॉल होते हे आपणास सांगायला नको. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पंपात पेट्रोल ठेवून तो चार महिने कोपऱ्यात टाकला तर टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉल वेगळे होऊन बसू शकते. मग नवा प्लग लावा की दोन लावा, इंजिन सुरू होत नाही. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, कार्बुरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि मगच ठेवावे.

गटसभेत आलेले प्रश्न

"महाग प्लग लावला तर ॲव्हरेज वाढते काय?"
इरिडियमचा प्लग जास्त दिवस टिकतो. पण धडधाकट इंजिनात त्याने पेट्रोल वाचेल अशी आशा धरू नये. ज्या गाडीस कंपनीने तोच सांगितला असेल तेथे तोच लावावा, आणि त्याचे टोक ब्रशने घासू नये.

"जुना प्लग घासून लावला तर?"
साधा प्लग पेट्रोलने धुऊन पितळी ब्रशने हलके साफ करावा. वाळू किंवा रेती मारलेली नको. कण आत अडकतात आणि मग सिलिंडरमध्ये पडतात.

"नकली प्लग कसा ओळखावा?"
छपाई पुसट असते, आटे खडबडीत असतात, मधले टोक तिरके असते, वॉशर सैल असतो. पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा.

शेवटी

इंजिन रुसले की पहिला हात तारेवर, दुसरा टोपीवर, तिसरा प्लगच्या तोंडावर आणि चौथा खिशावर जावा. आपण नेमके उलटे करतो.

प्रत्येक सभासदाने एक काम आजच करावे. आपल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाचा प्लग नंबर पुस्तिकेतून पाहून ज्या खोलीत पंप ठेवतो तेथल्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहावा. पुस्तिका हरवली असेल तर आमच्याकडे इंजिनाचे नाव व मॉडेल आणावे, आपण मिळून नंबर शोधू. त्याच नंबराचा एक प्लग कागदात गुंडाळून फळीवर ठेवावा. शे-दीडशे रुपयांची वस्तू आहे, पण लागवडीच्या तिसऱ्या दिवशी तिची किंमत फार मोठी असते.

बपेऱ्याच्या त्या सभासदाने भिंतीवर नंबर लिहिला आहे. आम्ही पाहून आलो. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली आहे : "आधी तार पाहा." आम्ही फोनवर एवढेच सांगायला हवे होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी